कर्जमाफीचे आगाऊ आभार

क्रांती चौकात माझा फोटो आयुष्यात एकदाच लागला. गॉगल लावलेला, हात जोडलेला, फ्लेक्सच्या तळाच्या रांगेत. वर आमच्या भागातले नेते, खऱ्या मापाच्या दुप्पट, आणि मधे ठळक अक्षरांत मजकूर: ‘शैक्षणिक कर्जमाफी मिळवून दिल्याबद्दल जाहीर आभार’.

आता खरी गोष्ट अशी, की कर्जमाफी मिळालेलीच नव्हती. नेते एका सभेत ‘हा विषय मी लावून धरणार’ एवढंच बोलले होते. आभार आधीच मानून टाकायची कल्पना माझी. शिक्षणासाठी कर्ज काढून बसलेली आम्ही काही पोरं चहाच्या टपरीवर जमायचो, त्याला आम्ही कृती समिती म्हणायचो.

“अजून मिळालं काय, की आभार मानायचे?” एकानं विचारलं.

“येड्या, चारचौघांत आभार मानले की माणूस अडकतो,” मी म्हणालो. “आता त्याला माफी आणावीच लागंल.”

पोरं माझ्याकडं आदरानं बघायला लागली. इंजिनिअरिंगच्या सगळ्या वर्षांत माझ्याकडं कुणी तसं बघितलं नव्हतं.

यापुढची अक्कल याहून मोठी. पगार होत असताना मी हप्ता भरणं बंद केलं.

हे मला सुचलं ते आमच्या गावाकडून, देवगाव रंगारीहून. तिथं पीककर्जाची माफी आली की वेळेवर फेडणारे तोंड पाडून बसायचे आणि थकवणाऱ्यांची नावं यादीत झळकायची. नियमितवाल्यांना पुढं कधीतरी प्रोत्साहन म्हणून काहीतरी मिळायचं, तेही चपला झिजवून. लहानपणापासून हे बघितलेलं. गरीब आहेस का, हे सरकार नंतर विचारतं. थकलायस का, हे आधी. म्हणजे माफीला पात्र व्हायचं तर आधी थकबाकीत जायला हवं. चांगल्या मार्कांनी गेलो.

वडील वाळूजला कंपनीत ऑपरेटर. त्यांना हे पटेना.

“पगार येतोय, तर हप्ता का नाय भरत?”

“आबा, वेळेवर भरणाऱ्याला मिळतं काय?”

“झोप मिळती,” ते म्हणाले आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेले.

बँकेतून फोन यायचे. आधी एक बाई गोड बोलायच्या. मग एक हिंदीवाला लागला. त्याला मी एकदा सुनावलं, “भाई, क्रांती चौक में बोर्ड नहीं देखा क्या? माफ हो गया.” तो बिचारा खरंच बघून आला असावा. पुढच्या फोनला म्हणाला, “सर, फोटो अच्छा है. पैसा कब भरोगे?”

माझ्या पाठची एक बहीण. तिला बी.एस्सी. नर्सिंगला जागा लागली. स्वतःच्या मार्कांवर, रात्री-बेरात्री अभ्यास करून. कॉलेज खासगी, फी भरायची मुदत जवळ. कर्ज काढायचं ठरलं आणि आम्ही तिघं त्याच बँकेत गेलो. साहेबांनी कागद बघितले, कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं आणि चष्मा काढला.

“वडिलांच्या नावावर थकबाकी दिसतेय.”

“माझ्या नावावर?” आबा म्हणाले. “साहेब, मी फ्रीजबी रोखीनं घेतला.”

“मुलाच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार आहात. त्याचं खातं बुडीतात गेलंय. आता तुमच्या सहीवर दुसरं कर्ज बसत नाही.” मग ते माझ्याकडं वळले. “तुम्ही चौकातले ना?”

आबा टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. बहीण माझ्याकडं बघत नव्हती. मी खुर्चीवर असा बसलो होतो की खुर्चीलाही माझी लाज वाटत असावी.

तिथून बहीण आम्हाला थेट नेत्यांच्या संपर्क कार्यालयात घेऊन गेली. नेते छान हसले. “ताई, शिफारसपत्र देतो.”

“पत्र नको,” ती म्हणाली. “बँकेत चला आणि माझ्या कर्जाला सही करा. आमच्या दादानं तर तुम्ही सगळं मिळवून दिलं असं छापलंय.”

“लई चुणचुणीत आहे तुमची पोरगी,” नेते आबांना म्हणाले आणि चहा सांगितला. “माफीचा विषय वरच्या पातळीवर आहे. फायनलच समजा.”

“व्हय, पण तोवर हिची फी कोण भरंल?” आबांनी विचारलं. नेत्यांचा फोन वाजला. चहा येईपर्यंत ते जिना उतरून गेले होते.

मी मूर्ख, हे मान्य. सगळ्या गल्लीला मान्य आहे. पण माझ्या मूर्खपणाआड बाकीचे सुटतात, त्याचा मला संताप येतो. ज्या कॉलेजानं माझी फी घेतली, तिथल्या लॅबमधल्या मशीनवरचं प्लास्टिक फक्त तपासणीची समिती आली की निघायचं. त्या पदवीवर मला दुचाकींच्या शोरूममध्ये विम्याचे फॉर्म भरायची नोकरी मिळाली. मी शिकत होतो तेव्हाही व्याज चढत होतं. ते माझ्यापेक्षा नियमित कॉलेजला जायचं. मोठ्या उद्योगपतीचं कर्ज बुडालं की पेपरात ‘निर्लेखित’ असा भारदस्त शब्द येतो. माझं बुडालं तर जेवायच्या सुट्टीत फोन येतो.

मग सरकारनं आमची कर्जं माफ करावीत का? करावीत. ज्याला पदवीनं पोटापुरतं दिलं नाही, त्याचं करावं. निदान शिकतानाचं व्याज तरी सोडावं आणि ज्यानं फी घेऊन काही शिकवलं नाही त्याच्याकडून ते वसूल करावं. नसेल करायचं तर ‘नाही’ म्हणावं, स्पष्ट. आम्ही रडू आणि हप्ते भरू. पण निवडणूक आली की नुसता वास दाखवायचा, आणि वर थकवणारा पात्र नि भरणारा येडा, असा नियम ठेवायचा, हे बंद करावं. थकबाकीची अक्कल मी पोटातून घेऊन आलो नव्हतो. ती मला सरकारी याद्यांनी शिकवली.

मोटारसायकल विकली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा कंपनीतून उचल घेतली. थकबाकी भरली. मला वाटलं, जिंकलो. साहेब म्हणाले, “रेकॉर्ड सुधारायला वेळ लागतो. ते आमच्या हातात नाही.” रेकॉर्ड सुधारायच्या आत फीची मुदत संपली आणि ती जागा पुढच्या नंबराच्या मुलीला गेली.

बहीण आता हर्सूलकडच्या एका खासगी दवाखान्यात काउंटरवर बसते, पेशंटला नंबर देते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देणार आहे. मी एकदा म्हणालो, “तोवर माफीचं काहीतरी होईलच.” तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडं बघितलं. “दादा, तू नुसता हप्ता भर. बोलू नको.”

भरतो. पगार झाला की आधी तोच. दवाखान्यात तिला गुलाबी कोट दिलाय, त्यामुळं पेशंटचे नातेवाईक तिला ‘सिस्टर, सिस्टर’ करत सलाइन संपलं म्हणून बोलवायला येतात. सुरुवातीला ती प्रत्येकाला सांगायची, मी सिस्टर नाय. आता सांगत नाही. उठते आणि खऱ्या सिस्टरला शोधून आणते.