आधी बारीक, मग जाड

"आधी बारीक. बारीकनं नाहीच गेलं, तर मग जाड."

गाडी फाटकातून आत आली की काकांचं पहिलं वाक्य हे. ते बोलत कटिंग कंपाउंडबद्दल, म्हणजे गाडीच्या रंगावरचे ओरखडे घासून काढायच्या पेस्टबद्दल. ती जाड असली की ओरखडा लवकर जातो, पण त्याच्यासोबत रंगही जातो. बारीक असली की रंग वाचतो, वेळ मात्र लागतो. काकांकडे वेळ होता.

डहाणूला स्टेशनच्या पूर्वेला आमची घरं शेजारी शेजारी. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. मी तलासरीला शाळेत शिकवतो, रोज गाडीनं जाऊन-येऊन करतो. हायवेची धूळ, समुद्राची खारी हवा आणि चिकूवर येणारी वटवाघळं, या तिघांनी आमच्या गल्लीतल्या एकाही गाडीचा रंग धड ठेवलेला नाही. त्यामुळे काकांना गिऱ्हाईक भरपूर. गिऱ्हाईक आपलं म्हणायचं. पैसे ते घेत नसत. अट एकच असायची.

"किल्ली ठेवून जायचं नाही. तुमची गाडी आहे, तुम्ही बसा."

मग खुर्ची यायची, चहा यायचा. काका बॉनेटवर चिकटपट्टीनं वीतभर चौकोन आखत आणि तेवढ्यातच एकेक कंपाउंड लावून बघत. पुसायचं, वाकून उजेडात बघायचं, मान हलवायची, दुसरी बाटली घ्यायची. माझ्या गाडीचा पहिला रविवार नुसतं कंपाउंड ठरवण्यातच गेला. जेवायची वेळ झाली तेव्हा काका समाधानानं म्हणाले, "चला, ठरलं. आता पुढच्या रविवारी करू."

मला वाटलं, माणूस फार काटेकोर आहे. मग एकदा मी बसलो असताना त्यांचा फोन वाजला. काकूंचा होता. नातू झाला तेव्हा काकू बडोद्याला मुलाकडे गेल्या, त्या तिथेच राहिल्या. सून नोकरीला जाते, बाळाला सांभाळायला दुसरं कोणी नाही. काकाही जाऊन आले होते, पण महिनाभरात परतले. "बाळ झोपलं की सगळं घर कुजबुजतं हो," ते मला म्हणाले होते. "आणि मी खोकलो की सगळे माझ्याकडे बघतात."

फोनवर काकू विचारत होत्या, जेवलात का. काका मोठ्यानं म्हणाले, "अगं, सर आलेत ना! बसलोय आम्ही." आवाजात एवढा आनंद होता की मी तिसरा चहा मागितला. कंपाउंड ठरायला एवढा वेळ का लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल. गल्लीत सगळ्यांना तो आवडतो, पण त्याच्या फाटकापाशी आलं की सगळ्यांची पावलं जरा भरभर पडतात. आमच्याकडे एक जण म्हणायचा, "काका काम झकास करतात, पण गाडीपेक्षा आपल्यालाच जास्त घासतात." सगळे हसायचे. मीही हसलोय.

पुढे चारोटीला हायवेलगत गाड्या चमकवून देणारी दुकानं निघाली. गाडी द्या, समोर नाश्ता करा, परत या. लोक तिकडे जाऊ लागले. त्यांचंही काही चुकलं नाही, आठवड्याची एकच सुट्टी मिळते. काका मात्र रविवारी सकाळी आंघोळ करून, बाटल्या मांडून, सावलीत बसलेले असत. मला बघून म्हणत, "सर, तुमच्या डाव्या दरवाज्यावर काहीतरी दिसतंय." दरवाज्यावर काही नसायचं. "हो, दिसतंय खरं," मी म्हणायचो.

एका रविवारी सायवनच्या शाळेतल्या एक बाई आल्या. गडद निळी गाडी, आणि दोन्ही बाजूंना बारीक-बारीक रेघा. अरुंद रस्त्यावर बससाठी गाडी कडेला घेताना करवंदीच्या जाळ्यांनी ओरबाडलेल्या. काका किती खूश झाले! लगेच चिकटपट्टी काढली, खुर्ची पुढे केली.

बाई खुर्चीत बसल्या नाहीत. "काका, आजच होईल ना? संध्याकाळी भावाकडे जायचंय. नाहीतर मी चारोटीला टाकते."

काका क्षणभर चिकटपट्टी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खिशात टाकली.

"आजच होईल. बसा तर खरं."

त्यांनी चौकोन आखला नाही. बारीक कंपाउंडला हातसुद्धा लावला नाही. सगळ्यात जाड कंपाउंडची बाटली उचलली, घासायच्या मशीनला लोकरीचं पॅड चढवलं आणि थेट दरवाज्यावर लावलं. काम करता करता ते बाईंना सायवनचा पाऊस, शाळेतली मुलं, भाऊ काय करतो, सगळं विचारत होते. बाईही बसल्या, बोलायला लागल्या. रेघा भराभर जात होत्या. दरवाज्याच्या काठाला रंग पातळ असतो, हे काकांनीच मला शिकवलेलं. मी "काका" म्हणेपर्यंत काठावरचा निळा रंग उडाला आणि खालची राखाडी पट्टी उघडी पडली.

मशीन बंद झालं. काका त्या पट्टीकडे बघत राहिले.

"घाई केली मी," ते म्हणाले. "मी रंगवून देतो, बाई."

"अहो काका, जुनी गाडी आहे. मला तर दिसतही नाहीये," बाई म्हणाल्या. त्या खरंच चांगल्या. पुढच्याच रविवारी त्या नुसत्या चहाला म्हणून आल्या, येताना पिशवीभर करवंदं घेऊन. काकांनी चहा केला. पण बोलणं काही जमेना. त्यांची नजर सारखी फाटकाकडे जात होती. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "बाई, गाडी जरा पलीकडे लावता का? इथून तो दरवाजा दिसतो."

बाईंनी गाडी हलवली. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

काकांनी मशीन पुन्हा हातात घेतलं नाही. रविवारी दार उशिरा उघडायचं. मग काकू स्वतः आल्या, चार दिवस राहिल्या, घर आवरलं आणि त्यांना घेऊन गेल्या.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी बडोद्याला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. नातू झोपला होता. आम्ही हलक्या आवाजात बोललो. काकूंनी पोहे केले. काका तब्येतीनं बरे दिसत होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. त्यांनी गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली, गाड्यांची मात्र केली नाही.

मला सोडायला ते खाली आले. इमारतीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी आल्यावर म्हणाले, "जरा बसू?" शेजारच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं वॉचमननं काचेवर टकटक केली, "काका, गाडी हटावो." मागे कोणाची तरी जागा अडली होती.

काका उतरले. मला मागे घ्यायला अडचण होत होती, म्हणून ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हातानं बोलवू लागले, "येऊ द्या, सर... येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी निघाली. मी पहिला गिअर टाकून रस्त्याकडे वळलो. आरशात ते तिथेच उभे होते, आणि त्यांचा हात अजून तसाच मला मागे बोलवत होता.