सुई डावीकडे, ग्लायडर उजवीकडे

ग्लायडर उतरून थांबलं, तरी मोहरील सर कॉकपिटमधून बाहेर येईनात. ते आमचे चीफ इन्स्ट्रक्टर. शेजारच्या सीटवर सुलभा वैद्य होत्या. रामदासपेठेतल्या एका शाळेत शिकवायच्या आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे ग्लायडिंग शिकायला यायच्या. दोघंही समोरच्या पॅनलकडे बघत बसले होते.

"गजभिये, हा टर्न इंडिकेटर खोटं बोलतो," सर म्हणाले.

मी नागपूरच्या त्या ग्लायडिंग क्लबात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. टर्न इंडिकेटर म्हणजे ग्लायडर कोणत्या बाजूला वळतंय ते सुईनं दाखवणारं यंत्र. आत एक छोटा भोवरा असतो. बॅटरीवरची मोटर तो फिरवते. बाहेर सगळं स्वच्छ दिसत असेल तर या यंत्राकडे कोणी बघत नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात दुपारची धूळ वर चढते आणि जमीन-आभाळ एक होऊन जातं. मग वैमानिकाचा सगळा भरवसा त्या सुईवर.

त्या दिवशी ते धुळीत सापडले होते. ग्लायडर किंचित उजवीकडे कललं होतं, पण सुई डावं वळण दाखवत होती. सरांनी ते मोडायला सुकाणूची स्टिक उजवीकडे दिली. सुई आणखी डावीकडे गेली. सरांनी आणखी उजवीकडे दिली. नाक खाली जाऊ लागलं, वेग वाढला.

"धुळीत सूर्याचा नुसता फिकट गोळा दिसत होता," सुलभाताई म्हणाल्या. "तो काचेवरून डावीकडे पळून राहिला होता. मी म्हटलं, सर, आपण तर उजवीकडे फिरून राहिलो."

सरांनी सुईचा नाद सोडला, सूर्य एका जागी राहील असं ग्लायडर सरळ केलं आणि ते धुळीच्या खालून बाहेर पडले. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हातमोजे मात्र घामानं भिजले होते.

मी त्या सकाळी रजेवर होतो. हुडकेश्वरला मेहुणीचं लग्न होतं, ते आटोपून दुपारी कामावर आलो होतो. दोन सीटच्या या ग्लायडरचा इंडिकेटर सकाळी बंद पडला, म्हणून सरांनी एका सीटच्या ग्लायडरमधला काढून इथे लावला होता. प्लग तोच, पिना तेवढ्याच. स्विच टाकल्यावर भोवऱ्याचा आवाज आला. शंका यावी असं काहीच नव्हतं.

आम्ही ग्लायडर हँगरमध्ये घेतलं. मी स्विच टाकला आणि दोघांना शेपूट धरून नाक डावीकडे फिरवायला सांगितलं. सुई उजवीकडे गेली. मग मीटर लावला. या ग्लायडरमध्ये बॅटरीचा प्लस दुसऱ्या पिनवर येत होता. एका सीटच्या ग्लायडरमध्ये तो पहिल्या पिनवर होता. दोन्ही ग्लायडर वेगवेगळ्या कारखान्यांची. आपापल्या ड्रॉइंगप्रमाणे दोन्ही बरोबर. प्लस-मायनस उलटले, मोटर उलटी फिरली, भोवरा उलटा फिरला, सुईही उलटी.

एवढ्यात सेक्रेटरी झाडेसाहेब आले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते आणि त्यांना हेच ग्लायडर दाखवायचं होतं.

"यंत्र तर चालू आहे ना? मग एक चिठ्ठी लावून दे गा. सुई उलटी वाचावी म्हणून."

मी काही बोलायच्या आत सुलभाताई म्हणाल्या, "साहेब, इथं उभं राहून मले ते लक्षात राहील. वर नाही राहणार."

सर म्हणाले, "माझ्याही नाही."

झाडेसाहेबांनी चिठ्ठीचा विषय सोडला. "मग यंत्रातल्याच दोन तारा बदलवून टाक. त्याले काय लागते?"

"इथं बरोबर होईल साहेब. पण उद्या हे यंत्र त्याच्या घरच्या ग्लायडरमध्ये गेलं, तर तिथं उलटं दाखवल."

"मग काहून एकच प्लग ठेवला दोन्हीकडे?"

सरांनी तो प्लग उपसून पुन्हा बसवून पाहिला. मग म्हणाले, "हे बसायलाच नको. बसलं नसतं, तर मी लावलंही नसतं."

त्यावरून पुढचं ठरलं. उसना इंडिकेटर जसाच्या तसा परत गेला. दोन सीटच्या ग्लायडरचा प्लग मी कापला आणि वेगळ्या आकाराचा, कमी पिनांचा बसवला. त्याचा स्वतःचा इंडिकेटर उघडून बेअरिंग साफ केलं, त्यालाही जोडीचा सॉकेट लावला. शेपूट धरून दोन्हीकडे फिरवून पाहिलं. सुई नाकाबरोबर गेली.

पाहुण्यांनी ग्लायडर जमिनीवरच पाहिलं. सरांनी चाचणीचं उड्डाण स्वतः केलं आणि पुढच्या सुटीला सुलभाताईंना घेऊन गेले. कोणतंही यंत्र बदललं की शेपूट फिरवून बघायचं, हा तेव्हापासून क्लबचा नियम झाला.

पुढे कितीतरी वर्षं वैमानिक माझ्याकडे कुरकुर करत आले, की या ग्लायडरचं यंत्र त्यात बसत नाही, किती गैरसोय. मी सगळ्यांना एकच सांगायचो, की ती गैरसोय मी मुद्दाम सोल्डर केलेली आहे.