सात म्हणजे सात

मंडळी, गावच्या ग्रुपवर घाईघाईत लिहितेय. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

हिर्डोशीत माझ्या ओसरीवर सकाळी सातला इंग्रजीची शिकवणी असते. सात म्हणजे सात. उशीर झाला की पायरीवर उभं राहून एक वाक्य सांगायचं, मगच आत. कारणं मी ऐकत नाही.

आज तुलनेची वाक्यं होती. मुलं इंग्रजीत ‘आमचं घर काकांपेक्षा मोठं’ असं लिहितात. मी दटावलं, ‘काका काय दगडविटांचे आहेत? काकांच्या घरापेक्षा म्हणा!’

वरच्या वाडीतून एकटी चालत येणारी आठवीतली रेश्मा आज दहा मिनिटं उशिरा आली. पायरीवरून तिनं अचूक वाक्य सांगितलं, ‘द लेपर्ड्स फूट इज बिगर दॅन अवर डॉग्ज.’

‘शाब्बास! कुठल्या पुस्तकातलं?’

‘पुस्तकातलं न्हाई, बाई. वाटंवर बिबट्याचं ठसं हायती. माझ्या चपलीच्या कालच्या ठशांवरच उमटल्यात.’

‘अगं, मग आधी का नाही बोललीस?’

‘तुमी कारणं कुठं ऐकता?’

शिकवणीनंतर काठी घेऊन तिला सोडायला मीच गेले. ठसा पाहिला. माझ्या तळहाताएवढा होता. रेश्मा म्हणाली, ‘बाई, भिऊ नका, म्या हाय.’

वनखात्याला कळवलंय. उद्या तिला आणायला मी वाडीवर जाणार, पण एकटीनं जायची माझी छाती नाही. सोबत कोण येतंय? सातला उशीर झाला तरी चालेल.