आत्याला विहिरीवर नेलं नाही

माझी आंधळी आत्या गावी चुलतभावाकडे असायची. मी मुंबईहून बोटीने वर्षातून एकदा, गणपतीला जायचो. पडवीत सगळ्यांसमोर तिला विचारायचो, "कशी आसस गो आते?" शेजारी वहिनी उभी असायची. "बरी आसंय," आत्या म्हणायची आणि माझं समाधान व्हायचं.

शेवटच्या वर्षी तिने माझा हात धरला. "माका जरा विहिरीर व्हर रे. पाय धुवचे आसत."

"वहिनी व्हरतली," मी म्हणालो. आरतीची घाई होती.

"ऱ्हवांदे तर," म्हणत तिने हात सोडला.

पुढच्या गणपतीआधी ती गेली. घरचे तिला उपाशी कोंडून ठेवत, हे शेजारणीने नंतर सांगितलं. विहिरीवर नेलं असतं, तर तिथे आम्ही दोघंच असतो. तिचे पाय तर तेव्हा ओलेच होते, नुकते धुतलेले. मी ते पाहिले होते.