काटा हिरव्यात येईपर्यंत

वंदनावहिनींचा फोन आला तेव्हा मी कुदळवाडीत एका भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतो, तीही दिलीपसाठीच. दिलीपकडच्या बोटीच्या जुन्या इंजिनाच्या पंपात बसेल असं रबरी चक्र हवं होतं. तिसऱ्यांदा. "भाऊजी, हे गेले हो... पहाटे झोपेतच," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, असा कसा जाईल, चक्र मिळालंय!" दीड महिना झाला, पण मला त्या बोलण्याची लाज वाटत नाही. दिलीपच्या मित्राला दुसरं काही सुचलंच नसतं.

चाकणच्या एकाच कंपनीत आम्ही शिकाऊ उमेदवारीपासून होतो. मी प्रॉडक्शनला, तो क्वालिटीला. म्हणजे मी बनवायचं आणि त्यानं नाकारायचं. हा माणूस लग्नाच्या पंगतीतही जिलेबी उजेडाकडे धरून बघायचा. वहिनींचं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठावर. लहानपणी त्या वडिलांच्या होडीतून शाळेला यायच्या. आता गाडीनं जायचं तर धरणाच्या पाण्याच्या सगळ्या फुगवट्याला वळसा, आणि रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. एकदा दिलीपनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वंदना, पुढच्या भाऊबीजेला तुला पाण्यावरून माहेरी नेतो." वहिनींच्या भावाची, संतोषची, मासेमारीची होडी होतीच. फक्त तिला मागून लावायला इंजिन हवं होतं, आणि ते भंगारात सापडलं. वहिनी त्या दिवशी लहान पोरीसारख्या हसत होत्या.

मग सुरू झाला आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीचा छळ. पार्किंगमध्ये मोठं पिंप, पिंपात पाणी, पिंपाच्या काठाला अडकवलेलं इंजिन. असलं इंजिन खालून पाणी ओढतं, त्यानं स्वतःला गार ठेवतं आणि मागून बारीक धार सोडतं. जुन्या इंजिनाला तापमान दाखवणारा काटा नसतो. धारेत बोट धरायचं, इंजिनावर तळहात टेकवायचा आणि अंदाज घ्यायचा. पण अंदाज हा शब्द दिलीपला शिवीसारखा लागायचा. त्यानं ट्रकचा काटा आणून बसवला. इंजिन सुरू केलं की काटा काही वेळ हिरव्या पट्ट्यात राहायचा, मग हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकायचा. की झालं, इंजिन बंद! चक्र बदललं, नळ्या साफ केल्या, काटासुद्धा दुसरा आणला. दर रविवारी तोच धूर, तोच आवाज, आणि वरून सेक्रेटरींची तीच आरडाओरड.

"दिल्या, एकदा धरणावर नेऊन तर बघू," मी किती वेळा म्हटलं असेल.

"राव, तपासणीत पास झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही."

"हा माल नाहीये, तुझ्या बायकोची भाऊबीज आहे!"

"आणि मधोमध बंद पडलं तर? तिला पोहता येतं, मला नाही."

दर भाऊबीजेला वहिनी ओवाळणीचं ताट मांडीवर धरून गाडीनंच गेल्या. बोलल्या कधीच नाहीत, पण नंतर नंतर त्या पार्किंगकडे बघायच्याही बंद झाल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर रीतीप्रमाणे संतोष बहिणीला माहेरी न्यायला आला. वहिनींनी गाडीत बसायला साफ नकार दिला. "ते इंजिन घ्या," त्या म्हणाल्या. मी हादरलोच. "वहिनी, ते तापतं हो." "तापू दे." मग काय, टेम्पोत घातलं, होडीला लावलं, लाइफ जॅकेटं चढवली आणि निघालो. माझी नजर काट्यावर, मनात देवाचा धावा. काटा हिरव्यात आला आणि तिथंच बसला. हलेना. मध्यावर गेलो, हलेना. मी वरून थापट्या मारून पाहिल्या. वहिनींनी मागे वाकून धारेत बोट धरलं. "गार आहे हो, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम चिडून, "मग एवढी वर्षं हे मोजत काय होते?"

घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी रविवारी इंजिन पुन्हा पिंपात सोडलं. धार गार, काटा हिरव्यात. मग सवयीप्रमाणे लाल पट्ट्याकडे निघाला. मी इंजिन बंद करून पिंपातच हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. आंघोळीला काढावं तसं कढत पाणी! तेवढंच पाणी पुन्हा पुन्हा आत जाणार, आणखी तापून बाहेर येणार, वर धुराचीही उष्णता त्यातच. इंजिन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. अरे दिल्या, गाढवा, क्वालिटीत जन्म घालवलास आणि तुला पाण्यात हात घालावासा वाटला नाही? मी पिंपाला सणसणीत लाथ मारली. ते इंजिनासकट कलंडलं, पार्किंगभर गरम पाणी पसरलं आणि वरून सेक्रेटरी ओरडले, "अहो, आता माणूस गेला ना... आता तरी हे बंद करा!"

करतो म्हटलं. आणि आडव्या पडलेल्या, बंदच असलेल्या इंजिनावर तळहात ठेवून, ते पूर्ण गार होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.