झाकलेलं टोक

दर्पण कॉलनीतले सूर्याजी काटकर रिटायर झाल्यापासून अमावास्येला तिघरा धरणावर मासे धरायला जात. जिवंत गांडुळाची त्यांना किळस, म्हणून गळाला काळं रबरी गांडूळ लावत. गळाचं टोक त्या रबरी पोटात लपवावं लागतं, नाहीतर ते शेवाळात अडकतं. सूर्याजी हे हमखास विसरत. मग शेजारी बसलेला मामेभाऊ तुळाजी आपल्या हिंदी वळणाच्या मराठीत करवादायचा, "अरे, टोक तो झाक पहिले," आणि गळ हिसकावून स्वतःच झाकून द्यायचा. तुळाजीला जाऊन आता वर्ष झालं होतं.

त्या रात्री एकट्याने गळ टाकल्यावर सूर्याजींच्या लक्षात आलं, की टोक उघडंच राहिलंय. स्वतःलाच शिवी हासडून ते दोर गुंडाळू लागले, तर खालून कुणीतरी दोर धरून ठेवला. मासा हिसका देतो तसा नव्हे. सुईत दोरा ओवताना आपण हात स्थिर धरतो, तसा. मग सोडला.

बॅटरीच्या उजेडात त्यांनी गांडूळ पाहिलं. टोक पोटात नीट झाकलेलं होतं.

सूर्याजींनी नखाने टोक पुन्हा उघडं केलं आणि गळ पाण्यात टाकला.