दोन टबांची लॉन्ड्री

माझ्या धुण्याच्या पावडरीवरचा पेटंट कार्यालयाचा आक्षेप चार ओळींचा होता, पण त्यानं माझी झोप उडवली. डाग खाणारं एंझाइम जुनं, थंड पाण्यात ब्लीचला कामाला लावणारा उत्प्रेरकही जुना. दोन्ही एका पावडरीत आणणं धंद्यातल्या कुणाही जाणकाराला सहज सुचलं असतं. सहज म्हणे. ब्लीच एंझाइमला मारून टाकतं. त्याला धक्का न लावणारा उत्प्रेरक शोधण्यात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून उरलेली माझी सहा वर्षं गेली होती.

वकील फोनवर म्हणाले, "ज्यानं हे करून पाहिलं आणि फसला, असा जाणकार आणा, म्हणजे ते सहज नव्हतं हे दाखवता येईल. त्याचं प्रतिज्ञापत्र सोमवारी हवं."

जाणकार घरातच होता. वडिलांची, म्हणजे अप्पांची, उमरग्यात लॉन्ड्री. दवाखान्यांच्या चादरी धुण्यात त्यांची हयात गेली. एका टबात रक्ताचे डाग काढायचे, दुसऱ्यात चादर पांढरी करायची. मला धास्ती एकच. 'त्यात काय, आमी तसंच करतो की' असं ते म्हणाले, तर सहा वर्षांवर पाणी.

ते घड्या घालत होते तेव्हा विचारलं, "अप्पा, दोन्ही पावडरी कधी एकाच टबात घातल्या होत्या का हो?"

त्यांचे हात थांबले. "एकदाच. तू शाळंत व्हतीस. लई घाई व्हती. डाग तपकिरी होऊन बसले, पुन्हा हटलेच न्हाईत."

मला टाळी वाजवावीशी वाटली. "मग डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"आयाच्या हातून औषध सांडलं असंल म्हनलो." ते चादरीकडंच बघत होते. "कामावरनं काढलं तिला."

त्याच दुपारी मी मसुदा लिहिला. त्यात टब होते, चादरी होत्या, तपकिरी डाग होते. आया नव्हती. खोटं बोललेला साक्षीदार कच्चा पडतो, तेवढं गाळा, असं वकिलांनी सांगितलं आणि मी लगेच गाळलं. त्याची आज लाज वाटते.

अप्पांनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. मी पेनाचं टोपण काढून उभी. त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"आया कुठंय?"

"अप्पा, ते लिहिलं तर सगळं बिघडेल."

"खरं सांगतो म्हनून वर लिवलंय न्हवं? तिचं लिही, मग सही करतो."

मी लॅपटॉप उघडला. "नाव काय होतं तिचं?"

"सगळे आयाच म्हनायचे," अप्पा म्हणाले.

आयाची हकीकत घालून, अप्पांच्या सहीनं कागद गेला, फक्त तिचं नाव त्यात नव्हतं. निकाल अजून आलेला नाही. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. अप्पा मात्र निकालाचं काही विचारत नाहीत. चादरी पोचवायला गेले की प्रत्येक दवाखान्यात एका जुन्या आयाची चौकशी करतात, आणि समोरच्यानं नाव विचारलं की चादरी मोजायला लागतात.